डस्ट कलेक्टरचा दसरा

मुरबाडच्या एमआयडीसीत पांढरा दगड दळून त्याची पावडर करणारा एक कारखाना आहे. तिथल्या मेंटेनन्सचा प्रमुख भगीरथ. कंपनीने त्याला ठाण्याला ट्रेनिंगला पाठवलं होतं. तिथलं जेवण त्याला अजून जसंच्या तसं आठवतं. बाकीचं ट्रेनिंग बहुधा तेवढं रुचकर नसावं.

डस्ट कलेक्टर म्हणजे काय, हे मात्र तो कुणालाही धरून समजावून सांगे. पंखा शेडमधली धूळ ओढतो, लांबलचक कापडी बॅगा ती अडवतात आणि गाळलेली हवा बाहेर पडते. बॅगा जितक्या कोंदतील, तितका हवेची अडवणूक मोजणाऱ्या मीटरचा काटा वर चढतो. या ज्ञानाच्या जोरावर त्याने बायकोला, सरिताला, पॅकिंगमध्ये लावून घेतलं होतं. तिला दमा होता. "आमच्याकडं मशीन हाय गो, धूळ औषधाला नाय गावायची," असं त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं.

यंदा नवरात्राच्या तोंडावर काटा चढायला लागला. वाऱ्याचा झोत सोडून बॅगा आपोआप झाडायची सोय त्या यंत्रात होती. पण तिच्या फटफट आवाजाने शेठच्या फोनवरच्या गप्पांत व्यत्यय यायचा, म्हणून तिचा कॉक कधीचाच बंद केलेला. काट्याला शेठची भीड नव्हती, तो चढतच राहिला. तेव्हा भगीरथच्या डोक्यात उजेड पडला. घरोघर दसरा काढतात, गोधड्या नदीवर नेऊन धुतात, मग बॅगांनीच काय घोडं मारलं होतं?

शेणवे गावातल्या त्याच्या घरच्या गोधड्यांबरोबर बॅगाही नदीवर गेल्या. सरिता आणि पॅकिंगच्या बायांनी साबण लावून, दगडावर आपटून आपटून त्यांचा जीव काढला. वाळल्यावर त्या अशा पांढऱ्याशुभ्र दिसायला लागल्या, की नवरदेवाला सदरा शिवावा. भगीरथने त्या मोठ्या कौतुकाने परत बसवल्या.

दसऱ्याला सकाळीच पूजा झाली. डस्ट कलेक्टरला झेंडूचा हार, मीटरला कुंकू, शेठच्या हातचा नारळ. मशीन सुरू झालं आणि काटा थेट शून्यावर जाऊन बसला.

"शून्य! याला म्हणतात काम!" शेठ हरखले आणि उरलेला हार त्यांनी भगीरथच्या गळ्यात घातला. भगीरथही फुगला. कापड कितीही स्वच्छ असलं तरी हवेला थोडंफार अडवतंच, काटा शून्यावर येतच नाही, असं ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. पण ते जेवणानंतरच्या तासाला.

दुपारपर्यंत डस्ट कलेक्टरवरचा झेंडू पांढरा पडला.

"शेवंती आणली होतीस का रे?" शेठनी विचारलं. भगीरथ हसला आणि त्याने सहज वर पाहिलं. गाळलेली हवा बाहेर सोडणारं तोंड पॅकिंगच्या अंगाला होतं. त्यातून पीठ चाळावं तशी पावडर गळत होती आणि खाली गोणीवर सरिता बसली होती. तिच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, तोंडावर पदर होता.

तो धावत तिच्याकडे गेला.

"काटा खाली आला ना तुमचा?" तिने धापा टाकत विचारलं. "सगल्यात जास्ती मीच आपटल्या. एक डाग नाय ठेवला."

तेव्हा भगीरथला त्या शून्याचा अर्थ लागला. बॅगा फाटल्या होत्या, आणि फाटक्या कापडातून जायला हवेला कसली अडचण? आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने जाऊन लाल बटण दाबलं.

"अरे, दसऱ्याच्या दिवशी चालू मशीन बंद करतोस? अपशकुन करतोस?" शेठ ओरडले.

"बॅगा फाटल्यात शेठ. मीच आपटायला सांगितल्या."

पंखा हळूहळू थांबला. शेड शांत झाली आणि त्या शांततेत एक खोकला ऐकू यायला लागला. तो थांबेचना.

"कोण खोकतंय रे?" शेठनी विचारलं.

भगीरथने गळ्यातला हार काढला.

"बायको हाय माजी. सकालपासून खोकतेय. मी काट्याकडं बघत होतो."