अमावस्येचे एकशे वीस रुपये

करमाडच्या तात्यासाहेबांनी उभा जन्म अमावस्येची टिंगल केली. अमावस्येलाच बोअर घेतलं, त्याला पाणीही लागलं, आणि गावात अंधश्रद्धेविरुद्ध सभा भरली की ते पाणी दरवर्षी नव्यानं वर यायचं. अशा माणसाच्या बायकोच्या हृदयाची झडप बदलायची ठरली. मुंबईच्या हॉस्पिटलची तारीख गाठायला शुक्रवारची रेल्वे धरावी लागत होती. आणि शुक्रवारी अमावस्या.

तात्यासाहेबांनी मग गुपचूप तेच केलं जे त्यांची आई करायची. पस्तान ठेवलं. प्रवासाचा दिवस वाईट असला तर आधीच्या चांगल्या दिवशी प्रवाशाचं एखादं कापड, सुपारी आणि मूठभर तांदूळ वाटेवरच्या कुणाकडे तरी नेऊन ठेवायचे; माणूस त्याच दिवशी निघाला असं धरलं जातं. विश्वास नसलेलं काम करायचं तर निदान नीट करावं, म्हणून आदल्या दिवशीची चतुर्दशीही त्यांनी टाळली आणि बुधवार धरला. पण ठेवायचं कुणाकडे? ज्याच्याकडे ठेवतील तो गावभर सांगणार. म्हणून बायकोची जांभळी साडी, सुपारी आणि तांदूळ गाठोड्यात बांधून त्यांनी कारच्या डिकीत टाकले, आणि कारच शहरातल्या रेल्वे स्टेशनच्या पार्किंगमध्ये लावून टाकली. तिथं ओळखीचं कुणी नाही, शिवाय पावती मिळते. घरी सांगितलं, गाडी सर्व्हिसिंगला दिलीय, गॅरेजवाला शुक्रवारी सकाळी परस्पर स्टेशनवर लावेल.

घरी साडीची शोधाशोध झाली. सुलेखाबाईंनी गल्लीतल्याच, धुणं करणाऱ्या भामाबाईला विचारलं, आणि विचारताना आवाज जरा चढलाच; अख्ख्या गल्लीनं ऐकला. भामाबाई बादली तशीच ठेवून निघून गेली. तात्यासाहेब पेपर वाचत राहिले.

ऑपरेशन छान झालं. मुलगा विश्वजीत शहरात, सिडकोत वेगळा राहतो. तो बरोबर होता, परतही तोच घेऊन आला. भर दुपारी तिघं स्टेशनबाहेर आली. सुलेखाबाईंना पार्किंगच्या टपरीच्या सावलीत खुर्चीवर बसवलं. खुर्ची टपरीत बसणाऱ्या सरितानं स्वतःची दिली होती, हे लक्षात ठेवावं, कारण पुढच्या पाच मिनिटांत विश्वजीत ते विसरला.

सरितानं गाडीचा नंबर मशीनमध्ये घातला आणि आकडा सांगितला.

"एकशे वीस जास्त होतायत," विश्वजीत म्हणाला. "दिवसाला साठ, बरोबर? गाडी शुक्रवारी आली. तुम्ही बुधवारपासून लावताय."

"बुधवारीच आली साहेब. मशीन सांगतंय."

"मशीनमध्ये भरणारं माणूसच असतं ना?"

विश्वजीत शेंद्र्याच्या कारखान्यात मालातले दोष काढायच्या खात्यात आहे. दोष सापडला नाही तर त्याला पगार फुकट खाल्ल्यासारखं वाटतं. त्यानं रेल्वेची तिकिटं काढून टपरीच्या फळीवर मांडली. "आम्ही शुक्रवारी निघालो. गाडी काय दोन दिवस आधी एकटीच मुंबईला जायला आली होती?"

प्रश्न टोमण्याचा होता, पण खऱ्याच्या इतका जवळून गेला की तात्यासाहेबांनी मान वळवली आणि समोरच्या रिक्षांवरचे नंबर वाचायला घेतले. पावती त्यांच्या खिशातच होती. मुलाला मात्र त्यांनी सांगितलं होतं, ती गॅरेजवाल्याकडं राहिली.

सरितानं त्यांच्याकडं पाहिलं. तिला सगळं आठवत होतं. बुधवारी याच माणसानं तिला विचारलं होतं, डिकीतल्या गाठोड्याला ऊन लागलं तर चालतं का. आत काय आहे असं तिनं विचारल्यावर तात्यासाहेब गडबडीत खरं सांगून बसले होते. ती हसली होती. "आमच्याकडं बावीस प्रतिज्ञा हायत काका, पस्तान नाय. पण ठिवा, सावलीत लावा."

आता ती एवढंच म्हणाली, "काकांना इचारा."

"वडिलांना मधे घेऊ नका. सवाल एकशे वीस रुपयांचा नाहीये." सवाल पैशाचा नाही असं म्हणणारा माणूस आकडा मात्र बरोबर सांगतो. "रोज अशा किती गाड्यांना दोन-दोन दिवस चिकटवता? लोक घाईत असतात, देऊन टाकतात. चोरीच आहे ही सरळ."

"चोर म्हनू नका."

"मग काय म्हणू?" त्यानं मोबाइल काढला. "तक्रारच टाकतो. नाव सांगा."

"सरिता. आडनाव पन लिव्हा, नायतर सकाळच्या पाळीतल्या सरितावर जाईल." तिचा आवाज तापला होता. "तक्रार गेली की आमचा ठेकेदार काय झालं इचारत नाय. उद्या दुसरी बाई बसवतो. लिव्हा. पन खोटं लिव्हू नका."

"खोटं? थांबा, गॅरेजवाल्यालाच फोन लावतो. तात्या, नंबर द्या त्याचा."

एका बाजूला इतक्या वर्षांचं बोअरचं पाणी, दुसऱ्या बाजूला एका बाईची भाकरी. तात्यासाहेबांना हिशेब करायला वेळ लागला, हे त्यांच्या नावावर मांडून ठेवायला हवं. पण केला.

"फोन ठिव," ते म्हणाले. "गॅरेजबिरेज काय नाय. गाडी मीच लावली. बुधवारी."

"बुधवारी? कशाला?"

तात्यासाहेबांनी खिशातली पावती फळीवर ठेवली. "पस्तान ठिवलं होतं तुझ्या आईचं. शुक्रवारी अमावस्या होती."

विश्वजीतचं बोट मोबाइलवर तसंच राहिलं. "तुम्ही? लहानपणी आजीनं माझ्या दंडाला बांधलेला ताईत तुम्ही चारचौघांत कापला होता, तात्या."

"कापला. आजही कापीन. माझा अमावस्येवर विश्वास नाय." ते आता खरोखरच चिडले होते, पकडल्या गेलेल्या माणसाचा राग फार प्रामाणिक असतो. "पन तुझ्या आईला काय झालं असतं, तर उरलेला जन्म मी त्या अमावस्येलाच धरून बसलो असतो. एकशे वीस रुपयांत मिटत होतं, मिटवलं. माझ्याकडं काय बघतोस? आधी त्या बाईची माफी माग. चोर म्हनलास तिला."

"तुम्ही ऐकत उभे होता."

"व्हय. होतो. म्हनून मी पन मागतो." ते टपरीकडं वळले. "सरिताबाई, चूक झाली आमची. दोघांची."

विश्वजीतनं मोबाइल खिशात टाकला आणि "सॉरी ताई" म्हणाला. ते पुरेसं नव्हतं. सरिता तशीच त्याच्याकडं बघत राहिली, तेव्हा दुसऱ्यांदा, नीट म्हणाला.

तात्यासाहेबांनी पूर्ण पैसे मोजले. तिनं ते घेतले, शिक्का मारला. "काका, पुढच्या टायमाला नुसतं गाठोडं आना. गाठोड्याला चार्ज नाय."

सावलीत बसून सगळं ऐकलेल्या सुलेखाबाई खुर्चीवरून उठल्या. नवऱ्यानं आपल्यासाठी जन्माची ऐट मोडली, हे ऐकून त्यांचे डोळे भरून येतील असं विश्वजीतला वाटलं असावं. तो आधार द्यायला पुढं झाला. त्यांनी त्याचा हात बाजूला केला.

"डिकी उघडा."

गाठोडं निघालं. गाठ सुटली, तांदूळ डिकीत सांडले, आणि जांभळी साडी उन्हात आली.

"ही साडी," सुलेखाबाई म्हणाल्या. "हिच्यासाठी भामाबाईला मी नाय नाय ते बोलले. अन् तुम्ही पेपर वाचत होता."

"घरी गेल्यावर बोलू."

"घरी नंतर. आधी भामाबाईच्या दारात."

"तिला काय सांगू मी?"

"आत्ता सांगितलं तेच. अन् मोठ्यानं. मी पन गल्लीत मोठ्यानंच बोलले होते."

तात्यासाहेबांच्या डोळ्यांसमोर ती गल्ली आली असणार. सभेला येणारी निम्मी माणसं तिथलीच. "सुलेखा," ते हळूच म्हणाले, "डॉक्टरांनी तुला चिडायचं नाय सांगितलंय."

"मग गाडी लवकर काढा," त्या म्हणाल्या, आणि साडी मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसल्या.