माझ्या अंगावरचा ओरखडा

मित्रांनो, मी एक जुना रोलर आहे. आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. अस्सल पोलादाचा, दोन धट्टेकट्टे गडी लागतील तेव्हा हलणारा, पण भित्रा. हसू नका. तुमच्या अंगावर भीतीने काटा येतो आणि जातो. माझ्या अंगावर तो जन्मापासून आहे. एका कारागिराने भिंगातून बघत बघत माझ्या पाठीवर हजारो बारीक ठिपके उठवले. प्रत्येक ठिपक्याच्या वेळी मला वाटे, आता याचा हात चुकणार. त्याचा हात एकदाही चुकला नाही. भीती मात्र तेव्हापासून जी चिकटली ती चिकटलीच.

मग मला एका कारखान्याच्या चाचणीच्या खोलीत बसवले. वर मी, खाली माझा जोडीदार. तो अगदी गुळगुळीत, ठिपका नाही की ठोका नाही, आणि स्वभावानेही तसाच, कशाचे काही वाटून न घेणारा. आमच्या पोटातून गरम तेल फिरे. आमच्या मधून पातळ थर जात आणि माझे ठिपके त्यांना जागोजागी दाबून एकमेकांशी जोडत. गोंद नाही, दोरा नाही. नुसती ऊब आणि दाब.

कसले थर, असे विचाराल. बाळांना आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांना डायपर लावतात ना, त्याच्या कडेचे. वरचे कापड न विणलेले असते. त्यात उभा धागा नाही, आडवा धागा नाही, नुसते तंतू पसरून दाबलेले. त्याच्याखाली फिल्म, म्हणजे प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा, त्यामुळे ओल बाहेर येत नाही. पण साध्या फिल्ममधून हवासुद्धा जात नाही. आतली कातडी घामेजते, लाल होते, सोलवटते. यावर काहीतरी शोधून काढायचे होते, आणि ते काम ज्यांच्या डोक्यात घुसले होते त्यांना सगळे थरवाल्या बाई म्हणत.

बाई कशाकडेही बघितले की त्याचे थर मोजत. कांदा सोलताना मोजतात, असे मिस्त्रीकाका सांगायचे. हे काका म्हणजे माझे कर्तेकरविते. मला चालवणारे, पुसणारे, आणि माझ्यावर ओरडणारेही तेच. बाईंनी प्लॅस्टिकमध्ये खडूसारखी पांढरी भुकटी मिसळली, फिल्म केली आणि ती ताणली. ताणल्यावर प्रत्येक कणाभोवती डोळ्यांना न दिसणारी फट पडली. त्या फटीतून वाफ जाई, पाण्याचा थेंब जात नसे. कापड, फिल्म, पुन्हा कापड, असे तीन थर त्यांना जोडायचे होते. आम्ही चार वर्षे जोडत होतो. कधी थर जळले, कधी सुटे झाले, कधी फिल्मच्या फटी माझ्या उबेने मिटून गेल्या. बाई तुकडा दिव्यासमोर धरत, सुस्कारा सोडत आणि म्हणत, "काका, पुन्हा."

काकांची एक पद्धत होती. नमुना तयार झाला की ते डोळे मिटून तो पुरा, या कडेपासून त्या कडेपर्यंत, आपल्या गालावरून ओढत. "बोटं राबून राबून निबर झालीत, त्यांना काय कळतंय? गाल खोटं बोलत नाही," असे त्यांचे म्हणणे. चाचणीच्या दिवशी ते घोटून दाढी करून येत. एकदा दाढी राहिली तर सरळ म्हणाले, "आज गाल रजेवर आहे," आणि नमुना दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून दिला. बाई हसल्या, पण थांबल्या.

त्यांचा दुसरा नियम भिंतीवर लाल अक्षरांत लिहिला होता. रोलरला फक्त पितळी ब्रश. पोलाद लावायचे नाही. पितळ माझ्यापेक्षा मऊ, ते मला ओरबाडत नाही. फरशी पुसणाऱ्या मावशींना वाचता येत नव्हते, तरी त्यांना तो नियम पाठ होता. त्या माझ्यापासून चार हात लांबूनच फडके फिरवत. "तू तापलेला आहेस बाबा, तुला लांबूनच नमस्कार," असे त्या मला रोज सांगत.

पाचव्या वर्षी थर जुळले. तुकडा ओढला तरी सुटेना, पाणी ओतले तरी गळेना, आणि खालून वाफ सोडली तर वर धरलेली काच धुरकटली. कारखान्याचे साहेब आले, त्यांनी पाठीवर थाप मारली. बाईंच्या, माझ्या नव्हे. माझाही फोटो काढला, ते मी विसरणार नाही. त्याच महिन्यात काका निवृत्त झाले. त्यांच्या जागी मऊपणा मोजायचे एक यंत्र आले. नमुन्याच्या मधोमध तळहाताएवढा तुकडा कापायचा, त्यात ठेवायचा, काटा हलतो आणि आकडा मिळतो. गाल कोणी लावेनासे झाले. माझे धाबे तेव्हाच दणाणले होते, पण भित्र्याचे कोण ऐकतो? आणि मला तोंड तरी कुठे होते.

आता ज्या दिवसाची मला आजही धास्ती वाटते, तो सांगतो.

शुक्रवार होता. सोमवारी दुपारी बारा वाजता चाळीस डायपर वृद्धांच्या दवाखान्यात जायचे होते. माणसांवरची पहिली चाचणी. ज्यांना स्वतःहून कूस बदलता येत नाही अशी चाळीस माणसे तिथे होती. बाई सकाळपासून एकट्याच काम करत होत्या. मध्येच फिल्म अडकली, वितळली आणि माझ्या काठाजवळ चिकटून बसली. बाईंनी पितळी ब्रश घासला. निघेना. घड्याळ बघितले, पुन्हा घासला. मग त्यांनी टेबलावरचे पेन्सिली तासायचे पोलादी पाते उचलले.

नको, नको, असे मी मनात म्हणत राहिलो. बाईंनी भिंतीकडे एकदा बघितलेसुद्धा. मग हलक्या हाताने पाते लावले आणि किर्र असा एक आवाज झाला.

त्या थांबल्या. वाकून बघितले, फडक्याने पुसले. काही दिसले नाही. दिसणार कसे? काठापासून चार बोटे आत मोहरीच्या निम्म्याएवढा ओरखडा पडला होता, आणि त्याच्या कडेला पोलादाचा एक कंगोरा वर उचलला गेला होता. पण मला कळत होते. मी फिरू लागलो. दर फेरीला तो कंगोरा कापडात जास्त रुतत होता. तिथले तंतू वितळून काचेसारखा एक कडक कण तयार होत होता, टोकदार, आणि तोही कातडीला लागणाऱ्या बाजूला. एक फेरी, एक कण. पुन्हा फेरी, पुन्हा कण. मित्रांनो, एरवी मी फिरताना आनंदात असतो. त्या दिवशी जीव मुठीत धरून फिरलो.

बाईंनी मधोमध तुकडा कापला, यंत्रात ठेवला. आकडा उत्तम आला. येणारच, कण तर कडेला होते.

संध्याकाळी साहेब म्हणाले, "मॅडम, सोमवारी पाठवून देऊ. आता काही राहिलं नाही ना?"

"दोन जास्तीचे आहेत, ते मी घरी नेते," बाई म्हणाल्या. "परक्या माणसांना लावायच्या आधी माझ्या आईला लावते. दोन दिवस बघते."

हे ऐकून माझी पाचावर धारण बसली. बाईंच्या आईचे डावे अंग आजारपणात गेले, असे काका अगदी हळहळून सांगायचे. म्हणजे डावी बाजू लुळी, तिथे चिमटा काढला तरी कळत नाही. आणि तोंडची वाचाही गेलेली. टोचले तर त्यांना कळणार नाही, कळले तर सांगता येणार नाही. आणि त्यांची कातडी तर जुन्या कागदासारखी झाली आहे, असे बाईच म्हणत. बाईंनी दोन डायपर पिशवीत घातले, दिवा मालवला आणि त्या गेल्या.

शनिवार, रविवार कारखाना बंद. माझे तेल थंड झाले. मी जोडीदाराला विचारले, काय होईल रे? तो म्हणाला, काय व्हायचे ते होईल. त्याचा मला इतका राग कधी आला नव्हता. त्या घरात आता कोणती कूस खाली असेल, कण कुठे आला असेल, हेच माझ्या मनात फिरत होते. मी मात्र जागचा हलू शकत नव्हतो.

सोमवारी बाई आल्या त्या थेट खुर्चीत बसल्या. डोळे सुजलेले. साहेबांना म्हणाल्या, "आईच्या डाव्या कमरेला जखम झाली आहे. छोटीच आहे. पण कातडी फाटली आहे."

"डायपरमुळे?"

"कळत नाही. शेजारची नर्स म्हणाली, कूस बदलताना चादरीला घासलं असेल. मीच ओढलं असेन जोरात."

"आकडा चांगला आहे ना? मग तेच झालं असेल. गाडी बाराला येते."

चाळीस डायपर खोक्यात भरून दाराशी ठेवलेले होते. मला ते दिसत होते. बाई ते खोके उघडत आणि पुन्हा बंद करत होत्या. शेवटी त्यांनी फोन लावला. "काका, आकडा बरोबर आहे, पण माझं मन खातंय. याल का जरा?"

काका सव्वाअकराला आले. गाल तुळतुळीत. त्या मऊपणाच्या यंत्राकडे त्यांनी ढुंकूनही बघितले नाही. शुक्रवारच्या कापडाची गुंडाळी उलगडली, डोळे मिटले आणि काठ गालावरून ओढायला सुरुवात केली.

काका थांबले. "इथे."

पुन्हा ओढले. पुन्हा थांबले. "इथे." गालावर बारीक लाल रेघ उठली होती. त्यांनी दोन खुणांमधले अंतर वितीने मोजले. दोन विती. मग एक दोरा घेतला, माझ्या अंगाभोवती गुंडाळला आणि तोही मोजला. दोन विती.

"रोलर टोचतोय," ते म्हणाले.

त्यांनी कापसाचा बोळा माझ्या अंगावरून फिरवला. काठापासून चार बोटांवर कापूस अडकला. काकांनी वाकून तिथे बघितले. मग हळू आवाजात विचारले, "याला पोलाद कोणी लावलं?"

साहेबांनी दाराकडे बघितले. मावशी फडके घेऊन उभ्या होत्या. "आणखी कोण? रोज इथे पुसायला हीच असते. मावशी, उद्यापासून येऊ नका."

मावशींच्या हातातले फडके खाली पडले. "साहेब, मी त्याच्या जवळसुद्धा जात नाही हो," एवढेच त्या म्हणाल्या. काकांची नजर टेबलावरच्या पात्याकडे गेली होती. मित्रांनो, खरे काय ते त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होते. एक मी, मुका. दुसऱ्या बाई. त्या गप्प राहिल्या असत्या तर ताकास तूर लागली नसती. मला स्वतःच्या भंगाराची भीती होतीच, पण त्या क्षणी बाई गप्प राहतील याची भीती जास्त होती.

"मी लावलं," बाई म्हणाल्या. "शुक्रवारी. पात्याने. नियम वाचूनही लावलं, काका. मावशींचा काही संबंध नाही." मग त्यांनी ते पाते काकांपुढे ठेवले. "आईची जखम मीच केली."

काकांनी त्यांना कधी अरेतुरे केले नव्हते. त्या दिवशी म्हणाले, "बस पोरी. आधी ते खोकं आत घे."

गाडी आली आणि रिकामी गेली. बाईंनी चाळीसच्या चाळीस डायपर स्वतःच्या हाताने कातरले. साहेब चिडले, चाचणी सहा महिने पुढे गेली, बाईंचे नाव मोठ्या बैठकीत चांगल्या कारणाने निघाले नाही. मावशी मात्र दुसऱ्या दिवशी आल्या आणि नेहमीप्रमाणे लांबून पुसून गेल्या.

काका आठवडाभर रोज येत. एकदा बाई त्यांना सांगत होत्या ते मी ऐकले. "आईला सगळं सांगितलं. तिला कळलं की नाही, ठाऊक नाही. तिने उजवा हात उचलला आणि माझ्या गालावर ठेवला. बराच वेळ काढलाच नाही." काकांनी चष्मा पुसला. जखम भरायला महिना लागला. तोवर बाई रोज सकाळी आल्या आल्या आधी तिचीच हकिकत काकांना फोनवर सांगत.

माझी रवानगी भंगारातच व्हायची होती. बाईंनी अडवली. नवा रोलर आला, सहा महिन्यांनी नवे चाळीस डायपर गेले, आणि त्यातला प्रत्येक डायपर तीन माणसांच्या गालावरून गेला होता. ते आकड्याचे यंत्रही आहे, ते आपले काम करते. पण गाल पुन्हा कामावर रुजू झाले आहेत.

मी आता चाचणीच्या खोलीच्या दाराशी दोन लाकडी ठोकळ्यांवर पडलेला असतो. तेल नाही, ऊब नाही, धूळ बसते. शेजारच्या नव्या रोलरचा आवाज बदलला की अजूनही माझा जीव खालीवर होतो. मित्रांनो, तुमच्या घरी बाळ असेल, कोणी अंथरुणाला खिळलेले असेल, मुके जनावर असेल. टोचते आहे हे त्यांना सांगता येत नाही. त्यांच्या अंगाला लावायची वस्तू आधी तुमच्या गालाला लावून बघा. आणि हातून काही चुकले तर माझ्यासारखे मुके राहू नका. मला तोंडच नव्हते, तुम्हाला आहे.

परवा एक नवी मुलगी कामाला लागली. बाईंनी, आता त्यांचे केस पांढरे झाले आहेत, तिचे बोट धरले आणि माझ्या काठापासून चार बोटे आत फिरवले. मुलीने बोट झटकन मागे घेतले.

"हा ओरखडा मी काढला," बाई म्हणाल्या. "घाईत होते."

"कुणाला लागलं होतं का?"

"माझ्या आईला. आणि तिला सांगता येत नव्हतं."

मुलगी आत गेली, टेबलावरचा नमुना उचलला आणि डोळे मिटून, या कडेपासून त्या कडेपर्यंत, गालावरून ओढू लागली.