पहिली बैठक

सोफे-खुर्च्या मढवणाऱ्या त्या कारागिराच्या दुकानात एकच नियम होता आणि तो त्याच्या वडिलांपासून चालत आला होता. नव्या बैठकीवर पहिल्यांदा बसायचं ते गिऱ्हाइकानं. कारागिरानं नाही, घरच्यांनी नाही, आल्यागेल्यानं तर नाहीच नाही. एकदा एका वकिलाच्या सोफ्यावर हमाल घटकाभर टेकला, तर या गृहस्थानं सगळं कापड उतरवून सोफा पुन्हा मढवला. वकिलाला त्याचा पत्ताही नव्हता. पण कारागिराला झोप लागली, आणि त्याच्या मते मुद्दा तोच होता.

या नियमापायी त्याची बायको सव्वीस वर्षं बिनपाठीच्या स्टुलावर बसत होती. पुढे दुकान, मागे घर, आणि मधल्या खोलीत तिचं शिवणयंत्र. सगळ्या गाद्यांची कव्हरं तीच शिवायची. आजूबाजूला पंधरा-वीस खुर्च्या कायम मांडलेल्या असत, आणि त्यातली एकही तिची नसे.

या वर्षी डॉक्टरांनी तिच्या पाठीचा फोटो काढला. तो बघून कारागिराला स्वतःचीच लाज वाटली. दुपारी बायको आडवी झाली की तो हळूच माळ्यावर जायचा. असे दोन महिने खपून त्यानं एक खुर्ची केली. सागवानी पाय, पितळी खिळे, गर्द हिरवी मखमल. एका सोमवारी त्यानं ती बायकोच्या पुढ्यात आणून ठेवली.

"घे. ही तुझी. बस."

"अगंबाई!" बायको म्हणाली. "किती देखणी झालीये हो! पण माझे हात मशिनच्या तेलाचे आहेत. धुऊन येते. तुम्ही तोवर तो सोफा पोचवून या."

तासाभरानं तो परत आला, तर खुर्चीत घरची मांजरी. नुसती बसलेली नाही, पसरलेली. बायको आपली स्टुलावर.

"आता काय करायचं?" ती म्हणाली. "पहिली बैठक तिची झाली. नियम तुमचाच आहे."

नियम काय फक्त वकिलाच्या सोफ्यापुरता थोडाच होता! कारागिरानं मखमल उतरवली, झटकली, पुन्हा चढवली. "बस," तो म्हणाला. नेमकं तेव्हाच गॅसवर दूध उतू जायला आलं. तो हातोडी जागेवर ठेवून येतो, तर खुर्चीत मांजरी. पुन्हा उतरवली, पुन्हा चढवली. या वेळी मशिनचा दोरा तुटला, दारात गिऱ्हाईक आलं, आणि त्याला वाटेला लावून वळतो तो काय, खुर्चीत मांजरी. माणूस तिसऱ्यांदा पितळी खिळे ठोकतो तेव्हा त्याच्या डोक्यात काय चालतं ते न विचारलेलं बरं.

बायकोचा धाकटा भाऊ शाळेत कवायतीचा मास्तर होता. तो म्हणाला, "भावोजी, शिस्त लावा. चढली की शिट्टी, उतरली की माशाचा तुकडा. आठ दिवसांत सरळ होते की नाही बघा." आणि खिशातली शिट्टी काढून देऊन गेला.

आठ दिवसांत सगळे सरळ झाले. शिट्टी वाजली की बायको स्टुलावरून ताडकन उठायची. पत्र टाकायला आलेला पोस्टमन जागच्या जागी थांबायचा. सोफा पसंत करायला आलेलं एक वजनदार गिऱ्हाईक तीनदा उभं राहिलं, आणि तिसऱ्यांदा जे गेलं ते पुन्हा फिरकलं नाही. मांजरीला मात्र एवढंच कळलं की चढलं की शिट्टी वाजते, शिट्टी वाजली की उतरायचं, आणि उतरलं की मासा मिळतो. ती दिवसाला चाळीस वेळा चढायला लागली. शिस्त लागली ती कारागिराला.

मग त्यानं खुर्चीवर चंदेरी कागद पसरला. त्याचा कुरकुर आवाज मांजरीला भलताच आवडला. दोन्हीकडून चिकटणारी पट्टी लावली, ती बायकोनं शिवलेल्या बारा कव्हरांना चिकटली. शेवटी कारागीर विचार करायला बसला, अर्थात जमिनीवर.

त्याच्या लक्षात आलं की नियमाला एक पळवाट आहे. गिऱ्हाइकानं माल नापसंत केला तर तो दुसऱ्याला देता येतो. आपण मांजरीला हुसकावत होतो तेच चुकलं. तिला रीतसर विचारायला हवं होतं.

"बाईसाहेब," तो खुर्चीपुढे उकिडवा बसून म्हणाला, "बैठक टोचते का? पाठीला काही कमी पडतंय?"

बाईसाहेबांनी जांभई दिली. त्यानं आतला फोम अर्धा काढला. बाईसाहेब घोरू लागल्या. त्यानं एक स्प्रिंग मुद्दाम तिरकी बसवली, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा वाईट काम केलं. बाईसाहेब त्या तिरक्या स्प्रिंगला वळसा घालून अशा झोपल्या की जणू ती त्यांच्याच सांगण्यावरून बसवली होती. मग त्यानं शेवटचा उपाय म्हणून टेप काढली आणि बदली आसन शिवायचं ठरवून तिचं माप घेतलं. अख्खी सकाळ गेली. सगळं मापाच्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवलं.

दुपारी बायकोच्या हाती ती वही लागली. ती मोठ्यानं वाचू लागली.

"बसून चौदा इंच, झोपून बावीस. शेपटीला उजवीकडे चार बोटं जादा. उन्हाकडे तोंड हवं." हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग ती वहीची पानं मागे मागे उलटत गेली, आणि हसू कुठेतरी राहूनच गेलं.

"अहो," ती म्हणाली, "माझं माप कुठल्या पानावर आहे?"

कारागिरानं वही हातात घेतली. कुठल्याच पानावर नव्हतं. सव्वीस वर्षं डोळ्यांसमोर असलेल्या बाईचं माप कसलं घ्यायचं? त्यानं नेहमीची अठरा इंच उंची धरली होती आणि मोकळा झाला होता.

"पहिली बैठक माझीच होती," बायको म्हणाली. "त्या सोमवारी तुम्ही वळलात आणि मी लगेच बसले. धीरच निघेना. पण पाय जमिनीला टेकेनात हो! दहा मिनिटं लोंबकळत बसले, पाठ आणखीच भरून आली. तुम्ही एवढे खपलेले, सांगायचं कुठल्या तोंडानं? म्हणून मांजरीला उचललं आणि ठेवलं वर."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा. पुढे मासा मिळायला लागल्यावर ती आपणहून चढायला लागली."

कारागिराला रागवायचं होतं, पण त्याआधी माप घ्यायचं होतं. त्यानं टेप काढली. मांजरीला उचलून स्टुलावर ठेवलं.

"बसा, बाई," तो म्हणाला. गिऱ्हाइकाशी बोलायचा तोच आवाज. "पाठ टेकवा. पाय सैल सोडा."

त्यानं गुडघ्यापासून टाचेपर्यंत टेप धरली.

"पंधरा?"

"लग्नात पण पंधराच होते."

त्यानं ते वहीत लिहिलं, कोऱ्या पानावर, वर मोठ्या अक्षरात तिचं नाव घालून. मग खुर्ची आडवी केली, करवत घेतली आणि चारही सागवानी पायांचे तीन-तीन इंच उतरवले. तिरकी स्प्रिंग सरळ केली, फोम परत भरला, मखमल पुन्हा एकदा चढवली. संध्याकाळ झाली. मांजरी तोवर स्टुलावरच होती.

बायको बसली. दोन्ही तळवे जमिनीला टेकले. ती हळूहळू मागे रेलली आणि तिनं डोळे मिटले. कारागीर प्रत्येक गिऱ्हाइकापुढे उभा राहतो तसाच हातात फडकं घेऊन उभा राहिला.

"कशी आहे?"

तिचे डोळे मिटलेलेच. त्याला राहवेना. त्यानं खिशातून शिट्टी काढली आणि जोरात वाजवली.

मांजरी स्टुलावरून टुणकन उतरली आणि मासा मागू लागली. बायको जागची हलली नाही.