मधली मोकळी जागा

खोटं बोलायचं ठरलं तेव्हा मी नको म्हणाले होते. म्हणाले आणि गप्प बसले, हेही खरं. दवाखान्यात माझा भाऊ नागनाथ छाती शिवून बेशुद्ध पडलेला, आणि त्याच्या ऑपरेशनचं कळताच पुण्याहून मोटरसायकलवर निघालेला त्याचा मुलगा रत्नदीप मोहोळजवळ टँकरखाली गेलेला. डॉक्टर म्हणाले, पेशंटला इतक्यात काही कळू देऊ नका, हृदयाला झेपणार नाही. माझी भावजय केसरबाई मान हलवत राहिली. अशा वेळी नणंदेचं कोण ऐकतं?

शुद्धीवर आल्यावर दादानं पहिलं विचारलं, रतन आला होता का. केसरबाई म्हणाली, आला होता की, तुम्ही गुंगीत होता, उशाशी बसून गेला. कंपनीनं त्याला जर्मनीला पाठवलंय, विमान चुकलं असतं. तिला हे कुठून सुचलं कोण जाणे. जर्मन हा शब्द आमच्या घरात तोवर फक्त पातेल्यांसाठी वापरला जायचा.

खोटं पचलं याचं एक कारण म्हणजे दादाला दिसत नाही. काचबिंदूनं डोळे गेले त्याला बरीच वर्षं झाली. त्याआधी तो पालिकेत पाणी सोडायच्या कामावर होता. आमच्या भवानी पेठेत अजून त्याला चावीवाला म्हणूनच ओळखतात. तो दवाखान्यात असतानाच आम्ही विहारात रतनचा पुण्यानुमोदनाचा विधी उरकला आणि घरात भिंतीवर त्याचा हार घातलेला फोटो लावला. दादा घरी आल्यावर त्याच फोटोखाली बसून चहा प्यायचा. भेटायला येणारे एकदा फोटोकडं बघायचे, एकदा दादाकडं, आणि मग पाण्याच्या टंचाईवर बोलायचे. मला त्या माणसांचा राग यायचा आणि स्वतःचाही यायचा.

दुसरं कारण दादाचा फोन. आंधळ्या माणसांसाठी फोनमध्ये सोय असते. बोट फिरेल तिथं जे लिहिलेलं असेल ते एक बाई वाचून दाखवते. दादाची मुलगी धम्मप्रिया, आमची प्रिया, हिनं रतनचा नंबर आपल्या फोनमध्ये चालू ठेवला आणि रतनच्या नावानं बापाला रोज मेसेज पाठवायला लागली. आण्णा, जेवलात का. आण्णा, गोळ्या घेतल्या का. इथं लई थंडी आहे. बाईचा आवाज सगळ्यांना सारखाच. लिहिणारं कोण ते त्यातून कसं कळणार?

बापलेकाचं आधीपासून जमत नव्हतं, हे सांगायला हवं. दादानं साहेबांच्या हातापाया पडून पोराला पालिकेत रोजंदारीवर चिकटवलं होतं. पोरगा ती नोकरी सोडून पुण्याला गेला. दादाला ते लागलं. पुढं रतनचा फोन आला आणि चुकून दादानं उचलला, तर पलीकडून एवढंच यायचं, आईला द्या. दादाही मुकाट्यानं द्यायचा. दोघं एकाच मातीचे, दुसरं काय.

आणि आता हे मेसेज. दादा ते पुन्हा पुन्हा ऐकायचा. शेजारच्या मायाप्पाला मुद्दाम हाक मारून ऐकवायचा, बघ, पोरगं इचारतंय जेवलो का. मायाप्पा भिंतीवरच्या फोटोकडं बघून व्हय व्हय म्हणायचा. दादाच्या तोंडावर तेज आलं, दोन घास जास्त जायला लागले, डॉक्टर खूश झाले. टाके भरल्यावर सांगू, असं आधी ठरलं होतं. टाके भरले, कुणी सांगितलं नाही. आता भीती हृदयाची नव्हती. म्हातारपणी माणसाला मुलगा मिळाला होता, तो काढून कोण घेणार?

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं मी केसरबाईला म्हणायचे. ती म्हणायची, "वन्सं, फुटंल तवा फुटंल. आज तर पोटभर जेवले की."

प्रिया नव्या पेठेत एका कापड दुकानाच्या वरच्या क्लासात वेबसाइट बनवायला शिकत होती. विहारातली अभ्यासिका रतन आणि त्याचा मित्र नवनाथ यांनी उभी केलेली. नवनाथ म्हणाला, तू शिकतेसच तर अभ्यासिकेचं एक पान बनव, राबलेल्या सगळ्यांचे फोटो टाकू. फोटो फ्लेक्सवाल्याकडून आले, प्रत्येकावर नाव छापलेलं. आणि प्रियानं ठरवलं की हे पान आण्णांना ऐकता आलं पाहिजे.

मी बालवाडीत शिकवत होते, त्यामुळं मला कुणी काही शिकवू लागलं की कौतुक वाटतं. प्रियानं मला समजावलं. फोटोत छापलेली अक्षरं फोनमधल्या बाईला वाचता येत नाहीत, तिला तो नुसता फोटो. म्हणून प्रत्येक फोटोमागं एक ओळ लिहून ठेवायची असते. डोळसांना ती दिसत नाही, आंधळ्यांनाच ऐकू येते. आता एवढ्या फोटोंना एकेक ओळ कोण लिहीत बसणार? तर तुकडे वेगळे ठेवायचे आणि जोडून घ्यायचे. एक तुकडा नावाआधीचा मान, दुसरा नाव, तिसरा काम. मधे बेरजेची खूण टाकली की ओळ आपोआप तयार, प्रत्येक फोटोची आपापली.

शब्दांची बेरीज कशी होते, मी विचारलं. ती हसली. म्हणाली, "आत्या, हितं दोन आणि दोन चार होत नाहीत. आकडे अक्षरं म्हणून लिहिले तर दोन आणि दोन बावीस होतात. नुसते शेजारी चिकटतात." रतन गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती.

रतनचा फोटो आहे का, मी विचारलं. आहे, म्हणाली. तो नसता तर आण्णांनीच विचारलं असतं. त्याच्या फोटोला फुलांची चौकट आहे आणि वर कालकथित असं छापलंय. बघणाऱ्यांना खरं ते दिसेल, आण्णांना नुसतं नाव ऐकू येईल. आमच्यात जिवंत माणसाच्या नावाआधी आयुष्मान लावतात आणि गेलेल्याच्या नावाआधी कालकथित. कैलासवासी नाही, स्वर्गीय नाही. तुकडे भरायचं काम तिनं नवनाथला दिलं होतं, कारण कुणी काय काम केलं ते त्याला पाठ होतं. जोडायची ओळ तेवढी तिची.

पान तयार झालं आणि तिनं ते आण्णांच्या फोनवर उघडून दिलं. दादानं बोट फिरवलं. बाई एका दमात म्हणाली, आयुष्माननवनाथ सर्वगोडग्रंथपाल. दादा चक्रावला. पुढचा फोटो, तोच प्रकार. तिसऱ्याला तर बाईची अशी बोबडी वळली की आम्ही सगळेच हसलो. दादा हसत म्हणाला, "मधी जागा सोड की गं. माणसाला श्वास घ्यायला नको व्हय?"

प्रियानं कपाळावर हात मारला. नवशिक्यांची हीच चूक होते म्हणे. शब्दांच्या मधली मोकळी जागा आपल्याला काहीच नाही असं वाटतं, पण यंत्राला तीसुद्धा जोडून द्यावी लागते. एका ओळीत दुरुस्ती केली की सगळे फोटो सुधारतात, हाच त्या युक्तीचा फायदा. संध्याकाळी तिनं ते केलं. पान पुन्हा वरपासून खालपर्यंत बघितलं, सगळं जागच्या जागी होतं. तिनं बघितलं, आणि ते ऐकायचं होतं. एवढंच चुकलं.

दुसऱ्या दिवशी ती क्लासला गेली होती. मी दारात शेंगा फोडत होते, दादा खाटेवर फोन घेऊन बसला होता. आयुष्मान नवनाथ सर्वगोड, ग्रंथपाल, बाई म्हणाली. प्रत्येक शब्द सुटा, स्वच्छ. दादा मला म्हणाला, आता कसं, पोरीनं बरोबर केलं. तो एकेक फोटो पुढं नेत गेला. कुणी फरशी बसवलेली, कुणी पुस्तकं दिलेली. प्रत्येक नावाला तो मान डोलवत होता. मी अर्धं ऐकत होते.

कालकथित रत्नदीप नागनाथ शिवशरण, संस्थापक.

बाईनं ते इतर नावांसारखंच म्हटलं. माझा हात शेंगांवर थांबला. मला त्या क्षणी नवनाथ दिसला, विहारातल्या टेबलाशी बसून तुकडे भरणारा. ती ओळ दादा ऐकणार हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि रतनच्या नावाआधी काय लिहायचं तेही नाही. आमच्या पोरांना ते सांगावं लागत नाही.

दादानं बोट मागं नेलं आणि पुन्हा ऐकलं. मग पुन्हा. मधली जागा बाई अगदी नीट सोडत होती. केसरबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि उंबऱ्यात उभी राहिली. तिनंही ऐकलं. बोलू नका, असं ती मला खुणावत होती.

"ही बाई चुकती का गं कदी?" दादानं विचारलं.

मी म्हणाले, प्रिया नवीन शिकतेय, काहीतरी इकडचं तिकडं झालं असेल. बघा, मी नको म्हणणारी, आणि वेळ आल्यावर माझंही तोंड तिकडंच वळलं. दादानं फोन मांडीवर ठेवला आणि प्रियाची वाट बघत बसला. केसरबाईनं चहा आणला, तो तसाच गार झाला.

प्रिया आली ती दारातच समजून चुकली. आम्हा दोघींची तोंडं बघून तिनं चपलासुद्धा काढल्या नाहीत. दादानं तिला जवळ बोलावलं, फोन हातात दिला आणि बाईला तिच्यासमोर एकदा बोलू दिलं.

"तुझ्याकडनं चुकलं का, पोरी? तुकडा चुकीचा लागला का?" तो हळू बोलत होता. "चुकलं असंल तर चुकलं म्हण. मी काय बोलनार न्हाय."

तो तिला वाट करून देत होता, हे मला कळलं, तिलाही कळलं. एक हो म्हटलं असतं तर रतन पुन्हा जर्मनीत गेला असता. केसरबाई तिच्याकडं हात जोडून उभी होती. पोरीनं फोन दादाच्या हातात परत दिला.

"जोडणी बरोबर आहे, आण्णा," ती म्हणाली.

केसरबाई खाली बसली आणि रडायला लागली. इतक्या महिन्यांत स्वतःच्या घरात ती पहिल्यांदा आवाज करून रडत होती. आजवर तिनं पदर तोंडात कोंबून रडणं भागवलं होतं, कारण नवऱ्याला दिसत नसलं तरी ऐकू येत होतं. आणि ज्या हृदयासाठी आम्ही हे सगळं केलं, ते दादाचं हृदय चालतच राहिलं. तो कोसळला नाही, छातीवर हात दाबला नाही. नुसता ताठ बसला.

त्यानं विचारलं, मग मेसेज कोण लिहीत होतं. प्रिया म्हणाली, मी.

"व्हय," तो म्हणाला. "जेवलो का म्हणून रतन कदी इचारत नव्हता. मला वाटलं, लांब गेल्यावर पोराला बापाची माया आली."

हे ऐकून प्रिया त्याच्या पायाशी बसली आणि माफ करा म्हणायला लागली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण बोलला तो माझ्याशी. रतनला अग्नी कुणी दिला ते त्यानं विचारलं, मी नवनाथचं नाव सांगितलं. त्या वेळी मी कुठं होतो, विचारलं. दवाखान्यात, म्हणाले. कसं झालं, विचारलं. मोटरसायकल, टँकर, एवढंच सांगितलं.

"निगाला हुता कुटं?"

केसरबाईनं रडणं थांबवून माझ्याकडं बघितलं आणि जोरजोरात मान हलवली. तिचं म्हणणं मला न बोलता कळलं. पोरगा आपल्यापायी गेला, हे ओझं घेऊन हा माणूस कसा जगेल? कामावर निघाला होता, एवढं म्हणायचं. सोपं होतं. दादानं विश्वासही ठेवला असता, आणि मरेपर्यंत हेच धरून बसला असता की पोराला आपली माया कधी आलीच नाही.

"तुझ्याकडं," मी म्हणाले. "तुझं आपरेशन हाय कळल्यावर कुनी बोलवायची वाट न बघता निगाला हुता, दादा. तुझ्याकडंच येत हुता."

दादाचं तोंड वेडंवाकडं झालं. मग तो रडला, आणि आम्ही कुणी त्याला थांबवलं नाही.