धाकट्यानं आणलेला एक्सल

शी! त्या वासाचं नाव काढलं तरी अजून मळमळतंय मला. ट्रकाच्या मागच्या चाकातलं जुनं ऑईल, नासक्या अंड्यागत घाण वास, आन् ते धरलंतं कशात? माझ्या पीठ मळायच्या परातीत! आमच्या मालकांना दुसरं भांडं गावलं न्हाय म्हणं.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट हाय. मागची चाकं फिरवणाऱ्या लोखंडी दांड्याचं, एक्सलचं, दात झिजून गुळगुळीत झालतं. गिअर टाकला की नुसती खडखड, गाडी जागची हलायची न्हाय. ऊस वाहायचा हंगाम सुरू व्हायला आलता, गॅरेजला नंबर लागंना, म्हणून उचगावात आमच्या दारातच काम काढलं.

धाकटा दीर सोमेश ट्रकात अर्धा भागीदार, पण गाडीला हात म्हणून लावायचा न्हाय. परीटघडीचा शर्ट, तोंडात कायम गुटखा, आन् थुंकायला माझाच उंबरा. नवा एक्सल आणायचं काम त्यानं अंगावर घेतलंतं. आणला त्यो पोत्यात गुंडाळून, काळा रंग मारलेला, वर ग्रीस थापलेलं. कंपनीचा हाय म्हणाला. आमच्या मालकांची सवय अशी, की कुठलाबी पार्ट डिझेलनं पुसून, उन्हात धरून बघितल्याबिगर बसवायचा न्हाय. त्यांनी चिंधी घेतली, तर सोमेश म्हणाला, ग्रीस कशाला पुसतोस अण्णा, कंपनीनंच लावलंय. आन् बाह्या वर सारून त्यानं स्वतःच एक्सल उचलून आत ढकलला. कोपरापर्यंत बरबटला. धाकट्याला कामाची गोडी लागली म्हणून मालक खूश. मीबी खुळी, त्याला आलं घालून चहा दिला.

गाडीचं मोठं काम झालं की घरची माणसं घालून पहिल्यांदा जोतिबाला न्यायची, ही आमची रीत. नारळ फुटला, चाकाखाली लिंबू ठेवला. मी, माझी पोरगी पवित्रा आन् सोमेशची पोरगी प्रेरणा केबिनमध्ये चढलो. तुम्हीबी चला भावजी म्हटलं, तर त्याला नेमकं गावात काम निघालं. मालकांनी इंजन सुरू केलं तसा त्यो पळत आला, दार उघडलं आन् प्रेरणाला दंडाला धरून खाली ओढलं. पोरीला ताप हाय म्हणाला.

"मला ताप न्हाय, दोडव्वा," प्रेरणा रडत मला म्हणाली. थोरल्या आईला आमच्यात दोडव्वा म्हणत्यात.

मी खाली उतरून तिच्या कपाळाला हात लावला. गार. मग सोमेशकडं बघितलं. त्यो मागच्या चाकाकडं बघत हुता.

जोतिबाच्या घाटात उतारावर एक्सल तुटला की इंजनाचा आवर सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो, हे ड्रायव्हरच्या बायकोला कुणी शिकवाय लागत न्हाय. पवित्राला खाली घेतलं आन् मालकांना म्हटलं, एक्सल भाईर काढा. ते माझ्यावर खेकसले. नारळ फुटलेली गाडी परत खोलायची म्हंजे अपशकुन. मी चाकाम्होरंच मांडी घालून बसले. तवा कुठं काढला.

डिझेलनं पुसल्यावर रंगाखाली मधोमध वेल्डिंगचा पट्टा निघाला, पाटलीएवढा जाड. मोडका एक्सल जोडून, रंगवून आणलाता गड्यानं, आन् नव्याचं पैसं खिशात घातलंतं. मालक चिंधी हातात धरून नुसते बसून राहिले.

"एवढ्यातेवढ्यानं काय मोडत न्हाय वैनी," सोमेश म्हणाला. "कितीतरी गाड्या असल्याच एक्सलवर पळत्यात की."

लगीन होऊन आल्यापास्नं मी त्याला अहोजाहो करत आलेली.

"मग तुझी पोरगी का उतरवलीस?" मी म्हटलं. "तुझी तेवढी उतरवलीस. माझी आत ठेवलीस."

त्याचं तोंड गुटख्यानं भरलेलं हुतं. थुंकायचं सोडून त्यानं ते गिळलं. मला असली किळस आली की तिथंच ओकारी यायची बाकी हुती.

परात मी राखेनं घासली, चिंचेनं घासली, उन्हात वाळवली. लख्ख निघाली. अजून तिच्यातच पीठ मळते. सोमेश सणाला येतो, मालक भाऊ म्हणून शेजारी बसवून घेत्यात. त्याच्या ताटात भाकरी टाकायची म्हटलं की माझ्या नाकात त्यो ऑईलचा वास शिरतो. मी प्रेरणाला म्हणते, तुझ्या बाला तूच वाढ.