तळ्यातला बॉम्ब

"दिवा मालवलात ना, आई?" जिना उतरता उतरता ऊर्मिलाने विचारलं. प्रभाबाईंनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच हलली, हे बघायला सुनेला सवड नव्हती. खाली पोलिसांची गाडी भोंग्यावरून सगळ्यांना घराबाहेर बोलावत होती. समोरच्या बागेत नव्या झोक्यांसाठी खणताना महायुद्धातला बॉम्ब निघाला होता, न फुटलेला.

प्रभाबाई सांगलीहून म्युनिकला लेकाकडे दिवाळीपर्यंत राहायला आलेल्या. घट बसले होते. सासूने हाती दिल्यापासून हा नंदादीप त्यांनी नवरात्रात एकदाही विझू दिला नव्हता, आणि घट असताना घर कधी रिकामं ठेवलं नव्हतं. लेक सुमित कामासाठी येना शहरात गेलेला. म्हणजे घरात आता फक्त देवी, पेटता दिवा आणि खाली लाकडी जमीन.

शाळेच्या टुर्नहालेत, म्हणजे व्यायामशाळेत, सगळ्यांना बाकांवर बसवलं होतं. प्रभाबाईंना बसवेना. बॉम्ब निदान पोलिसांच्या ताब्यात होता, दिव्याकडे कोण बघणार? पडदा उडून पेट घेतला तर अख्खी इमारत उघड्यावर येईल. आणि विझला तर?

शेजारच्या फ्राऊ हूबर नव्वदीला टेकलेल्या. त्या बोलत होत्या आणि ऊर्मिला सासूला मराठीत सांगत होती. बागेच्या जागी पूर्वी तळं होतं. लढाईत एक बॉम्ब त्यात पडला तो फुटलाच नाही, आणि तो पाहिला फक्त तेव्हा चिमुरड्या असलेल्या या बाईंनी. आईने त्यांना सरकारी ऑफिसात नेऊन सांगितलं, तर साहेब हसले. पुढे तळं बुजवून तिथे झोके लावले. बाई मात्र जन्मभर ती बाग टाळून लांबच्या रस्त्याने दुकानात जायच्या. लोक त्यांना चक्रम म्हणायचे. ऊर्मिलाही म्हणायची.

"मग मी सांगणंच सोडलं," फ्राऊ हूबर म्हणाल्या. "कोणी ऐकत नसलं की माणूस गप्प बसतो."

हे ऐकलं आणि प्रभाबाईंना राहवेना.

"ऊर्मिला, दिवा चालूच आहे गं."

ऊर्मिलाचा चेहरा उतरला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती दाराशी जाऊन पोलिसांशी बोलली. घराकडे कोणालाही सोडता येणार नव्हतं. परत येऊन तिने सासूचा हात धरला.

संध्याकाळी बॉम्ब निकामी झाल्याचं कळलं, तशी ऊर्मिला धावत पुढे गेली. प्रभाबाई कठडा धरत धरत वर पोचल्या. घर जागेवर होतं. काचा फुटू नयेत म्हणून पोलिसांनी खिडक्या उघड्या ठेवायला लावल्या होत्या. त्यांतून वारा भणाणत होता, आणि घटापुढे दिवा जळत होता.

"बघा, आहे," असं म्हणून ऊर्मिला घाईघाईने खिडक्या लावायला लागली.

खोलीत काडी ओढल्याचा ताजा वास होता. प्रभाबाईंनी सुनेच्या पाठीकडे पाहिलं.

"आहे गं बाई, आहे," त्या म्हणाल्या आणि दिव्यात तेल घालायला बसल्या.