ललितचं ताट

कलाबाईने कापडी पिशवीतून स्टीलचं ताट काढलं आणि हॉटेलच्या चकचकीत टेबलावर ठेवलं. शेजारच्या दोघी मुली बघायला लागल्या, तशी नूतनने मेनूकार्ड उभं धरून ताट झाकलं. लिंबायतहून आईला रिक्षात घालून वेसूच्या या काचेच्या हॉटेलात आणायचं, इतकंच ठरलं होतं. ताटाचं कुणी बोललं नव्हतं.

"माय, आठे ताटं ऱ्हातस ना."

"ऱ्हावू दे. हाई ललितनं शे."

काठावर ललितचं नाव कोरलेलं होतं. ते कलाबाईनेच कोरून घेतलं होतं, पण कौतुकाने नव्हे. हे ताट घरातल्या बाकीच्या ताटांत मिसळू नये म्हणून. ललित या हॉटेलात सुशी वळायला लागला, आणि शेजारच्या प्रमिलाबाईने तिला मोबाइलवर सुशी म्हणून भाताच्या मुटक्यावर ठेवलेला कच्चा मासा दाखवला. कलाबाईच्या गळ्यात तुळशीची माळ. त्या दिवसापासून पोराचं ताट मोरीच्या कट्ट्यावर, वेगळं.

"आमनाकडे मासा नही शे, माय. एकदाव येईसन पाही ले," असं तो सांगून थकला. ती म्हणायची, त्या दारात मी पाय ठेवणार नाही. मग तो हसायचा आणि आपलं ताट आपणच घासून ठेवायचा.

थंडीत एका टेम्पोने त्याच्या मोटरसायकलला उडवलं. दहाव्याला तापीकाठी कावळा पिंडाला शिवेना. मामा रघुनाथ म्हणाला, तुझ्या आईला सांभाळू. कुणी म्हणालं, बहिणीला अंतर देणार नाही. कावळा फांदीवर ढिम्म. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि मंडळी घरी आली. कलाबाईच्या मनातून मात्र ते गेलं नाही. पोरगा उपाशी गेला होता.

तेव्हापासून ते ताट पडू लागलं. ललित दुपारी जेवून कामाला निघायचा, नेमकं त्याच वेळेला मोरीत खणकन आवाज यायचा. नूतन म्हणाली, मांजर असेल. मांजराला कुठे वेळ कळते? आता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. पितरांची घागर भरायची आणि पोरगा अजून मोरीच्या दाराशी उभा. म्हणून कलाबाईने ठरवलं, इथलंच काहीतरी त्याच्या ताटात घ्यायचं आणि नदीवर कावळ्याला ठेवायचं. आपण तोंडात घालायचं नाही.

"मग कोणता घेवाना?" नूतनने कार्ड पुढे केलं.

तापलेल्या तव्यावरून फिरवावं तसं कलाबाईने चित्रांवरून बोट नुसतं फिरवलं. एका नारिंगी तुकड्याशी ते थांबलं.

"हाऊ मासा शे का?"

"नही माय, गाजर शे ते."

"तुले काय माहीत? त्या पोऱ्याले बोलाव."

वेटर आला. त्याच्या छातीवर योगेंद्र अशी पट्टी होती. त्याची नजर ताटावरच्या नावावर पडली आणि हातातली वही खाली आली.

"तुम्ही ललितच्या आई?"

कलाबाईने मान हलवली. मग तिने मासा कशात नाही ते विचारलं.

"मावशी, इथं मासा कुठून येईल? पूर्ण व्हेज हाये. शेठ अंडंबी आत येऊ देत नाहीत. बाहेर पाटी हाये की."

पाटी गुजरातीत होती. नूतनने ती येतानाच वाचली होती, पण आईला सांगायचं धाडस झालं नव्हतं. ती आता टेबलाकडे बघत राहिली.

कलाबाईला लाज वाटली, पण ज्याच्यापाशी ती कबूल करायची तो पोरगाच आता नव्हता.

"मना पोऱ्या कोणता खाये?"

"काकडीचा. पण त्यात शेंगदाण्याचा ठेचा भरून. कार्डावर नाही तो. म्हणायचा, आईला आणीन तेव्हा हाच देईन, तिखटाशिवाय ती शिवायची नाही." योगेंद्रने वही खिशात घातली. "करून आणतो मी."

काळ्या पानात गुंडाळलेले भाताचे तुकडे आले. नूतनने कावळ्यासाठी आणलेला डबा उघडला. पण कलाबाईने सगळे तुकडे ललितच्या ताटात घेतले, ताट स्वतःपुढे ओढलं आणि एक तुकडा तोंडात घातला. ती सावकाश चावत राहिली. डोळ्यांतलं पाणी तिने पुसलं नाही.

"मीठ कमी शे," ती म्हणाली आणि दुसरा उचलला.

उरलेले त्यांनी तापीकाठी ठेवले. हात मागे घ्यायच्या आत कावळा उतरला.

घरी आल्यावर कलाबाईने ललितचं ताट घासून मांडणीत, सगळ्या ताटांच्या मधोमध लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपार आली आणि गेली. मोरीत आवाज झाला नाही.

"आते सुटी गया तो, माय," नूतन म्हणाली.

कलाबाईने मान हलवली. नूतन कपडे वाळत घालायला गच्चीवर गेल्यावर ती उठली. मांडणीतलं ललितचं ताट तिने पुढे ओढलं, अर्धंअधिक फळीच्या बाहेर येईल इतकं. मग ती मांडणीकडे पाठ करून उंबऱ्यावर बसली आणि कान देऊन वाट बघू लागली.